‘निरंक’ : रुग्णालयातील कर्मचाऱ्यांची सुरक्षा आणि कोऱ्या नोंदवह्या

परिसेविका (धागाकर्ती)

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातील एका १२० खाटांच्या धर्मादाय रुग्णालयात मी संसर्ग नियंत्रण परिचारिका म्हणून काम करते. चार वर्षांपूर्वी या कामाचा कार्यभार घेतला तेव्हा इतर कागदपत्रांबरोबर एक नोंदवही माझ्या हाती आली. मुखपृष्ठावर ‘सुई टोचल्याच्या घटना’ असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले, आत तांबड्या शाईने आखलेले रकाने, आणि चौदा महिन्यांच्या प्रत्येक पानावर एकच शब्द, ‘निरंक’. खाली स्वाक्षरी. जिथे दिवसरात्र इंजेक्शने दिली जातात, सलाइन लावली जाते, रक्त काढले जाते, तिथे चौदा महिन्यांत एकालाही सुई लागली नाही यावर विश्वास ठेवणे मला जड गेले. तरीही पहिल्या महिनाअखेरीस मीसुद्धा ‘निरंक’ लिहून सही केली, हे आधीच कबूल करते.

दुसऱ्या महिन्यात एके सकाळी कपडे बदलण्याच्या खोलीत एका मावशींनी मला विचारले, “सिस्टर, धनुर्वाताचं इंजेक्शन कुठं मिळंल?” चौकशी केल्यावर कळले की ते त्यांना नव्हे, त्यांच्याबरोबर रात्रपाळी करणाऱ्या दुसऱ्या मावशींना हवे होते. पहाटे पाचच्या सुमारास स्त्री कक्षातील कचऱ्याची पिवळी पिशवी उचलून नेताना ती मांडीला घासली आणि आतली सुई कापडातून आरपार टोचली. सुई सुयांसाठीच्या पांढऱ्या डब्यात पडायला हवी होती, ती कापसाच्या बोळ्यांबरोबर पिवळ्या पिशवीत आली होती. मावशींनी जखम दाबून रक्त काढले, स्पिरिट ओतले, पट्टी बांधली आणि उरलेली फरशी पुसून घेतली. कोणालाही सांगितले नाही. मला हे समजले तेव्हा नऊ वाजून गेले होते. एचआयव्ही प्रतिबंधाच्या गोळ्या औषध विभागाच्या कपाटात होत्या, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली घेऊन येणारे गृहस्थ साडेदहाला आले. पहिली गोळी शक्यतो दोन तासांच्या आत पोटात जावी असे आम्ही प्रशिक्षणात शिकवतो; इथे साडेपाच तास उलटले होते. त्यात पिशवी संपूर्ण कक्षाची, त्यामुळे सुई कोणत्या रुग्णाची हे कळण्याचा मार्ग नव्हता. कावीळ ‘ब’ची लस त्यांना मिळालेलीच नव्हती, कारण त्या ‘आपल्या’ नव्हेत, ठेकेदाराच्या. ठेकेदारास दूरध्वनी केला तेव्हा त्याने नम्रपणे सांगितले की उद्यापासून दुसरी बाई पाठवतो.

मावशींच्या सहा महिन्यांपर्यंतच्या सर्व तपासण्या निर्दोष आल्या, हे सुदैव. पण तेव्हापासून माझ्या मनात एकच प्रश्न आहे. रुग्णालयातील सुरक्षेचे व्यवस्थापन आपण ज्या कागदांवरून मोजतो ते कागद कोरे असण्याचा अर्थ काय? अपघात होत नाहीत, की सांगितले जात नाहीत? आणि सांगितले जात नसतील, तर सांगण्यापासून माणसाला नेमके काय अडवते? आपापल्या संस्थेतील अनुभव लिहावेत, संस्थेचे नाव लिहिण्याची आवश्यकता नाही.

भोंगा

मी रुग्णालयातला माणूस नाही. तीस वर्षे कारखान्यांत सुरक्षा अधिकारी होतो आणि निवृत्तीनंतर दोन रुग्णालयांना सल्ला देतो, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो.

रुग्णालयात पाऊल ठेवल्यावर मला पहिले आश्चर्य वाटले ते याचे की धोक्यांची यादी एखाद्या रसायन कारखान्याला लाजवील अशी असते. निर्जंतुकीकरणासाठी इथिलीन ऑक्साइड, जो कर्करोगजनक म्हणून मान्य झालेला आणि ज्वालाग्राही वायू आहे. दुर्बिणीची उपकरणे बुडवून ठेवण्यासाठी ग्लुटाराल्डिहाइड. शरीराचे नमुने जतन करण्यासाठी फॉर्मेलिन. कर्करोगाची औषधे, जी रुग्णाला वाचवतात पण ती तयार करणाऱ्या परिचारिकेच्या त्वचेवर पडणे इष्ट नव्हे. त्याशिवाय ऑक्सिजनची वाहिनी, बाष्पक (बॉयलर), क्ष-किरण आणि जंतू. १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार एक हजार किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यास सुरक्षा अधिकारी नेमावा लागत असे. हजारावर कर्मचारी असलेल्या रुग्णालयात मात्र हे काम संसर्ग नियंत्रण परिचारिका, विद्युत विभागातील एखादा पर्यवेक्षक आणि ‘गुणवत्ता’ बघणारी एखादी तरुण मुलगी यांच्यात विखुरलेले आढळते. तिघेही एकमेकांच्या बैठकीला नसतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. कारखान्यात आम्ही थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची, ज्याला सगळे ‘निअर मिस’ म्हणतात त्यांची, नोंद मागत असू. ज्या विभागातून महिनाभर एकही नोंद आली नाही, त्या विभागाकडे मी सर्वांत आधी जात असे. शून्य हा आकडा चांगला असतोच असे नाही. बहुतेक वेळा तो पर्यवेक्षकाच्या स्वभावाचे मोजमाप असतो.

दुसरे म्हणजे, रुग्णालयात सुरक्षा म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हातमोजे आणि मुखपट्टी येते. आमच्या शास्त्रात ही शेवटची पायरी आहे. धोका मुळातूनच काढता येतो का, ते आधी पाहावे; नसेल तर कमी धोक्याची वस्तू वापरता येते का; मग यंत्राने किंवा जागेच्या रचनेने माणूस आणि धोका यांच्यात आडोसा घालता येतो का; मग कामाची पद्धत; आणि हे सर्व करून उरलेल्या धोक्यासाठी हातमोजे. तोंडाने घ्यायची गोळी चालत असताना इंजेक्शन न देणे हा सुई टोचण्यावरचा सर्वोत्तम उपाय आहे, आणि तो कोणत्याही सुरक्षा फलकावर लिहिलेला मला आजवर दिसला नाही. मावशींच्या हातात मोजे होते असे समजा. सुई मांडीत गेली.

अठरा खाटा

मी एका तालुक्याच्या गावी अठरा खाटांचे रुग्णालय चालवतो, पत्नी भूलतज्ज्ञ आहे. वरील दोन्ही लेखन आवडले, परंतु थोडी तक्रारही आहे. अशा चर्चा वाचताना असे वाटते की सर्व रुग्णालयांत समित्या, अधिकारी आणि अंदाजपत्रक असते. माझ्याकडे सहा परिचारिका आहेत, त्यांतील दोघी रात्री एकेकट्या असतात. नोंदवही ठेवली तर ती भरणार कोण, आणि भरली तर ती उद्या माझ्याच विरुद्ध वापरली जाणार नाही याची हमी कोण देणार? एखाद्या परिचारिकेला सुई टोचल्याचे गावात कळले तर लोक म्हणतात, ‘तिथं रोग पसरतात’. सुरक्षित सुया, ज्यांचे टोक वापरानंतर आपोआप झाकले जाते, त्या साध्या सुयांच्या कितीतरी पट महाग पडतात. रुग्णाच्या देयकात ते लावायचे तर नातेवाईक भांडतात. तेव्हा ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर करावे, पण आमच्यासारख्यांना कमीत कमी काय केले म्हणजे चालेल, ते कोणी सांगेल का?

मुद्देसूद

‘कमीत कमी’चे उत्तर कायद्यात आहे, म्हणून देतो.

जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ हे केवळ कचऱ्याच्या रंगांचे नियम आहेत असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात त्यांच्या चौथ्या नियमात कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची बरीच मोठी जबाबदारी रुग्णालयावर टाकलेली आहे: कावीळ ‘ब’ आणि धनुर्वात यांसह आवश्यक लसीकरण, कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी, संरक्षक साधने, प्रशिक्षण. आणि हे ‘आरोग्यसेवा कर्मचारी व कचरा हाताळणाऱ्या इतर व्यक्ती’ यांच्यासाठी आहे. ठेकेदाराच्या मावशी या ‘इतर’मध्ये निःसंशय येतात. ‘त्या आपल्या नव्हेत’ हे उत्तर देता येत नाही. तीस किंवा अधिक खाटांच्या रुग्णालयाला सहा महिन्यांतून एकदा बैठक घेणारी समिती लागते; त्याखालच्यांनी एक पात्र व्यक्ती नेमली तरी पुरते. डॉक्टरसाहेब, आपल्या बाबतीत ती व्यक्ती आपल्या पत्नीही असू शकतात.

याच नियमांतील एक बारकावा धागाकर्तीच्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. मोठा अपघात घडल्यास चोवीस तासांत अहवाल पाठवावा लागतो. परंतु ‘मोठा अपघात’ या शब्दांच्या व्याख्येतून सुई टोचणे स्पष्टपणे वगळलेले आहे. त्या घटना फक्त वार्षिक अहवालात जातात, जो ३० जूनपर्यंत द्यायचा असतो. म्हणजे कचऱ्याची गाडी उलटली तर दुसऱ्या दिवशी कळते, आणि सुई टोचली तर पुढच्या जूनमध्ये, एका रकान्यातला एक आकडा म्हणून. त्या रकान्यात ‘निरंक’ लिहिणे किती सोपे आहे, हे सांगायला नको.

एचआयव्हीसंबंधीच्या २०१७ च्या अधिनियमाने, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, संसर्गाचा लक्षणीय धोका असलेल्या आस्थापनांनी तिथे काम करणाऱ्या सर्वांना सार्वत्रिक खबरदारीची साधने आणि संपर्कानंतरचे प्रतिबंधक उपचार पुरवावेत, असे बंधन घातले आहे. यात खाटांच्या संख्येची सूट नाही.

नोंदवही आपल्याच विरुद्ध वापरली जाईल, ही भीती मी समजू शकतो. परंतु उलट बाजू पाहा. नोंद नसेल आणि दोन वर्षांनी त्या परिचारिकेला कावीळ ‘क’ असल्याचे निदान झाले, तर ती कामावरून झाली की नाही याचा कोणताही पुरावा दोघांपैकी कोणाकडेच नसतो. घटनेच्या दिवशीचा रक्ताचा नमुना निर्दोष होता ही नोंदच तिला भरपाई मिळवून देते, आणि तुम्ही तत्परतेने वागलात याचीही साक्ष तीच देते. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगारांच्या बाबतीत तर अपघाताची सूचना वेळेवर गेली की नाही, यावरच पुढचे सगळे अवलंबून राहते.

लीड्सवाली

मी मूळची सांगलीकडची, गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. इथे २०१३ मध्ये टोकदार उपकरणांसंबंधी स्वतंत्र नियम आले. त्यानुसार शक्य तिथे सुरक्षित रचनेच्या सुया वापरणे मालकावर बंधनकारक झाले आणि वापरलेल्या सुईला टोपण परत लावण्यास मनाई झाली. अमेरिकेत असा कायदा त्याच्याही आधी, २००० साली झाला. माझे प्रशिक्षण भारतात झाले तेव्हा टोपण परत लावणे हा नीटनेटकेपणा समजला जाई. एका हाताने टोपण अलगद उचलण्याची पद्धत आम्हाला परीक्षेसाठी शिकवली, पण कक्षात सगळ्या जणी दोन्ही हातांनीच लावत, कारण ती उघडी सुई घेऊन जायची कुठे?

हाच कळीचा भाग आहे, आणि त्याला पैसे फारसे लागत नाहीत. गेल्या वर्षी सुट्टीत घरी आले होते तेव्हा वडील एका रुग्णालयात दाखल होते. रिकामा वेळ होता म्हणून त्यांच्या खाटेपासून पांढऱ्या डब्यापर्यंतची पावले मी मोजली. बावीस. वाटेत एक वळण, एक झुलता दरवाजा आणि नातेवाइकांनी अंथरलेली सतरंजी. ती बिचारी मुलगी किडनी ट्रेमध्ये उघडी सुई घेऊन, दरवाजा कोपराने ढकलत, ही वाट दर तासाला चालत होती. इथे आमच्याकडे डबा ट्रेच्याच गाडीला लावलेला असतो. हात लांब केला की डबा, आणि तीन चतुर्थांश भरला की बंद. अठरा खाटांना असे तीन-चार डबे पुरतील, डॉक्टर.

आणखी एक. आम्हाला रुग्ण हाताने उचलू देत नाहीत; यंत्राचा झोका किंवा घसरती चादर असते. अमेरिकेतील नायॉश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने रुग्ण हलवताना एका माणसावर येणारा भार १६ किलोच्या आत ठेवावा असे सुचवले आहे. माझ्या ओळखीच्या निम्म्या परिचारिका चाळिशीत कंबरेचा पट्टा लावून फिरतात, आणि तो अपघात कोणत्याही नोंदवहीत कधीच नसतो, कारण कंबर एका दिवशी मोडत नाही.

काळी फिल्म

क्ष-किरण तंत्रज्ञ आहे. ‘निरंक’चा आमच्या विभागातला अवतार सांगतो.

किरणोत्सर्गाच्या कामात असलेल्या प्रत्येकाला अंगावर पडलेले किरण मोजणारा एक बिल्ला दिलेला असतो. तो छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा, आणि दर तीन महिन्यांनी मोजणीसाठी पाठवायचा. आपल्या देशात अणुऊर्जा नियामक परिषदेने घालून दिलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) आहे आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. मर्यादा ओलांडली की संस्थेकडे विचारणा होते. व्यवस्था उत्तम आहे. पण मी एका ठिकाणी काम करत असताना तिथल्या हृदयविकार विभागातील डॉक्टरांचे बिल्ले टेबलाच्या खणात पडलेले असत. दिवसातून पाच-सहा वेळा किरणांसमोर उभे राहणाऱ्या माणसाचा आकडा भांडारपालाच्या आकड्याइतका येई. विचारले तर उत्तर मिळे, “जास्त आकडा आला तर महिनाभर काम बंद करतील.” याउलट एका सहकाऱ्याने बिल्ला एप्रनसकट यंत्राशेजारी टांगून ठेवला आणि स्वतः गावी गेला, त्या तिमाहीत त्याचा आकडा एवढा आला की चौकशी झाली. म्हणजे पहिल्याचा शून्य खोटा आणि दुसऱ्याचा धोकाही खोटा.

शिशाचे एप्रन घडी घालून ठेवू नयेत, आत भेगा पडतात. ते दांडीवर टांगावेत आणि ठराविक काळाने किरणांखाली तपासावेत. आमच्या जुन्या विभागात एप्रनची घडी घालून त्यावर चहाचा ट्रे ठेवत असत. बाकी समजून घ्यावे.

चुंबकीय प्रतिमा (एमआरआय) विभागाबद्दलही एक वाक्य. मुंबईत नायर रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये रुग्णाचा एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला, यंत्राने त्याला सिलिंडरसकट ओढले आणि त्याचा मृत्यू झाला. सिलिंडर उचलणे हे नातेवाइकाचे काम नव्हे. मनुष्यबळ अपुरे असलेल्या प्रत्येक रुग्णालयात ते त्याच्या गळ्यात पडते, आणि मग कर्मचाऱ्यांसाठीचे कोणतेही प्रशिक्षण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

तिसरी रात्र

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात निवासी डॉक्टर आहे. इथे सुई, किरण आणि कंबर यांच्यावर लिहिले गेले. आमच्याकडे सर्वांत जास्त बोलले जाते ते मारहाणीबद्दल, आणि सर्वांत कमी नोंद होते तीही मारहाणीचीच.

महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. वैद्यकीय सेवेतील व्यक्तीवर हल्ला हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला इतकी मारहाण झाली की राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. कायदा आहे, पण तक्रार देण्यासाठी चोवीस तास जागलेल्या मुलाने पोलीस ठाण्यात पुन्हा चार तास बसावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख विचारतात, “तू त्यांच्याशी नीट बोलला होतास ना?” त्यानंतर कोण नोंद करणार? शिवीगाळ, अंगावर धावून येणे, दार लाथाडणे हे सर्व ‘थोडक्यात टळलेले’ प्रसंग आहेत. त्यांची वही आमच्याकडे नाहीच.

विश्रांतीच्या जागेबद्दल लिहायला हवे. १९७३ मध्ये केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला तेव्हा त्या तळघरात कपडे बदलत होत्या. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात ज्या डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली, ती रात्रपाळीत सेमिनार हॉलमध्ये विश्रांती घेत होती. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन राष्ट्रीय कृती दल नेमले. मधली एकावन्न वर्षे सोडली तर प्रश्न तोच आहे: रात्री काम करणाऱ्या बाईला आतून कडी लागणारी, शौचालय असलेली, उजेडाच्या वाटेवरची खोली आहे का? आमच्या विभागात चौदा जणांसाठी दोन खाटांची एक खोली आहे आणि कडी तुटलेली आहे. खाटेवर कोण झोपते हे ज्येष्ठतेने ठरते.

१९९२ च्या निवासी डॉक्टरांच्या योजनेच्या निर्देशांत दिवसाला साधारण बारा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असे लिहिले आहे. मला सुई टोचली ती सलग तिसाव्या तासाला, अतिदक्षता विभागात धमनीतून रक्त घेताना. मी ती नोंदवली नाही. रुग्णाचा एचआयव्ही अहवाल निर्दोष होता, म्हणून. कावीळ ‘क’ची तपासणी झालेली नव्हती हे मला दोन आठवड्यांनी आठवले.

परिसेविका (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. ‘तिसरी रात्र’, आपण अजूनही तपासणी करून घ्या, कृपया. लस न घेतलेल्या व्यक्तीला कावीळ ‘ब’चा धोका एका टोचणीत ६ ते ३० टक्के, एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के, कावीळ ‘क’चा या दोहोंच्या मधला. लोक घाबरतात सर्वांत कमी धोक्याच्या एचआयव्हीला, आणि जिला लस आहे तिची लस घेत नाहीत. लसीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी दहाच्या वर आली का ते पाहायचे. पातळी पाहण्याचा टप्पा आमच्याकडेही निम्मे डॉक्टर टाळत होते.

सुई लागल्यावर काय करू नये, तेही इथे लिहून ठेवते, कारण मावशींनी जे केले तेच बहुतेक सर्व जण करतात. जखम पिळू नये, बोट तोंडात घालू नये, स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नये. साबण आणि वाहते पाणी, एवढेच. मग लगेच कळवायचे. रुग्णाचा अहवाल येईपर्यंत पहिली गोळी थांबवायची नाही. गरज नाही असे ठरले तर पुढच्या बंद करता येतात, गरज आहे असे ठरले तर अठ्ठावीस दिवस पूर्ण करायच्या. बहात्तर तासांनंतर सुरू करून उपयोग होत नाही.

आता आम्ही काय बदलले ते सांगते. ‘लीड्सवाली’, आपली बावीस पावले वाचून मला हसू आले, कारण आमची एकोणीस होती. औषधाच्या प्रत्येक गाडीला डबा लावला. नोंदवही रद्द केली आणि तिच्या जागी एक चिठ्ठी आणली, जी त्या त्या कक्षाच्या परिसेविकेच्या टेबलावरून नव्हे तर थेट माझ्याकडे येते. तिच्यावर ‘कोणाच्या चुकीने’ हा रकाना होता. तो काढून ‘काय बदलावे’ असा केला. लिहिता न येणाऱ्यांनी दूरध्वनी करावा, चिठ्ठी मी भरीन. ठेकेदाराच्या करारात लसीची अट घालण्यासाठी मला व्यवस्थापनाशी सात महिने भांडावे लागले. लसीच्या तीन डोसांचा खर्च एका दिवसाच्या चहापाण्याच्या देयकाशी ताडून दाखवला तेव्हा लेखापाल गप्प झाले.

पहिल्या सहा महिन्यांत अकरा चिठ्ठ्या आल्या. मासिक बैठकीत विश्वस्तांनी आकडा पाहिला आणि मला विचारले, “तुम्ही आल्यापासून अपघात वाढले कसे?” ‘भोंगा’ यांचे वाक्य तेव्हा माझ्याजवळ असते तर बरे झाले असते. मी फक्त अकरा चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. त्यांतल्या तीन कपडे धुण्याच्या विभागातून होत्या: शस्त्रक्रियागृहाच्या हिरव्या चादरींत गुंडाळून आलेल्या टाके घालायच्या सुया. आमच्या कपडे धुणाऱ्या मामांना सोळा वर्षांत कोणी विचारलेच नव्हते.

भोंगा

विश्वस्तांचा प्रश्न मी निरनिराळ्या शब्दांत वीस वेळा ऐकला आहे. त्याचे दुसरे टोक दंडाचे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाच्या आगीत किमान अकरा रुग्ण दगावले, आणि त्यानंतर अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिकांना. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्यात दहा नवजात बालके गेली होती. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. मी फक्त एवढे पाहतो की अशा अटकेनंतर ‘इथल्या प्लगमधून ठिणगी येते’ असे लिहून देण्याचे धाडस राज्यातील किती परिचारिकांना झाले असेल. लिहून दिले तर ‘तुम्हाला माहीत होते’, न दिले तर ‘तुम्ही लक्ष दिले नाही’.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा अधिनियमानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते प्रमाणपत्र फवारे आणि पंप यांचे असते. अतिदक्षता विभागात एका भिंतीवरच्या सॉकेटमधून तीन विस्तार-पट्ट्या काढून दोन श्वसनयंत्रे आणि एक मोबाइल चार्जर चालवला जातो, हे त्यात येत नाही. ते रात्रपाळीच्या परिचारिकेलाच दिसते.

अठरा खाटा

माझी तक्रार अंशतः मागे घेतो. डबे मागवले. सहाही परिचारिका आणि दोन्ही मावशी यांना पहिला डोस काल दिला. एक अडचण उरली आहे: रात्री एकटी परिचारिका असताना तिला सुई लागली, तर गोळ्या कुठे ठेवाव्यात? माझ्या खोलीला कुलूप असते आणि महागडी औषधे उघड्यावर ठेवता येत नाहीत.

काळी फिल्म

आमच्याकडे एकाने सुचवले होते की किल्ली पहारेकऱ्याकडे ठेवावी. पहारेकरी रात्री एकदा गायब झाला आणि योजना तिथेच संपली.

परिसेविका (धागाकर्ती)

डॉक्टर, कुलूपच नको. आम्ही अपघात विभागात भिंतीवर काचेचा छोटा डबा लावला आहे, जसा आगीच्या घंटेचा असतो. त्याला कागदी मोहोर आहे. आत तीन दिवसांच्या गोळ्या, साबणाची वडी, रक्ताच्या नमुन्यासाठी नळ्या आणि कोरी चिठ्ठी. मोहोर कोणीही फोडावी, का फोडली हे नंतर सांगावे. गोळ्या आमच्या जिल्ह्याच्या एआरटी केंद्रातून (एचआयव्हीवरील उपचारांचे केंद्र) मिळतात. आपणही तिथेच चौकशी करा. मुदत संपण्याआधी बदलून घ्यायच्या.

काल रात्री ती मोहोर दुसऱ्यांदा फुटली. पुरुष कक्षातील नव्या मावशी, वेळ ३.१५, पहिली गोळी ३.५०. सुई पुन्हा पिवळ्याच पिशवीत होती, म्हणजे डबे लावूनही काम संपलेले नाही. चिठ्ठी मी आज सकाळी त्यांच्याकडून विचारून भरली. ‘काय बदलावे’ या रकान्यात त्यांनी पिशवीबद्दल काही सांगितले नाही. त्या म्हणाल्या की कचऱ्याच्या खोलीतला दिवा दिवाळीपासून बंद आहे आणि त्या रोज मोबाइल दातांत धरून उजेड करतात. वायरमनला दुपारी बोलावले आहे.